एकशे सतरा अंगठे आणि एक अस्वल

रामकिसन पडघान गुरुजींनी आयुष्यात कुणाला फसवलं नव्हतं आणि या गोष्टीचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता. बाजारात भाजीवालीने चुकून चार मिरच्या जास्त टाकल्या, तर ते अर्ध्या वाटेवरून परत जायचे आणि चार मिरच्या तिच्या हातावर ठेवायचे. भाजीवालीला त्याचं कौतुक नव्हतं; गिऱ्हाइकांची गर्दी असताना हा माणूस मिरच्या कसल्या परत करतो म्हणून ती वैतागायची. तर अशा या माणसाने चौथीच्या पोरांना एक शब्द दिला आणि त्या शब्दापायी बोरखेडीतले झाडून सगळे बाप्ये भरदुपारी ज्वारीत जाऊन लपले, त्याची ही हकिगत आहे.

बोरखेडी म्हणजे वऱ्हाडातल्या मालेगावहून किन्हीराजाकडे जाताना डाव्या हाताला फाटा फुटतो, तिथून पुढे पायी. साल शहात्तर. श्रावण-भादव्यात निंदण आणि मुगाची तोडणी एकदम येते, आणि मग शाळेत गुरुजी, फळा आणि भारताचा नकाशा एवढीच मंडळी उरतात. गुरुजींनी त्यावर एक उपाय काढला. शिरपूरच्या यात्रेत त्यांना एका जुन्या विलायती कादंबरीचं मराठी पुस्तक मिळालं होतं. समुद्र, गलबत, हरवलेल्या बापाला शोधायला निघालेली एक पोरगी आणि तिला घेऊन जाणारा एक तुटक्या कानाचा कप्तान. रोज शाळा सुटायच्या आधी या कादंबरीचा एक तुकडा ते सांगायचे, पण सकाळपासून जो वर्गात असेल त्यालाच. समुद्र कुणी पाहिलेला नव्हता, तेव्हा काटेपूर्णेला पूर आला आणि पलीकडचा काठ दिसेनासाच झाला असं समजा, म्हणून त्यांनी समुद्र समजावला. गलबत शाळेपासून पंजाबराव पाटलांच्या विहिरीपर्यंत लांब केलं. आठ दिवसांत वर्ग भरला. चौतीस पोरं. गलबतावरचा म्हातारा खलाशी मेला त्या दिवशी तर अर्धा वर्ग रडत घरी गेला, आणि मूग तोडायला पोरं का येत नाहीत हे आयांना तेव्हा कळलं.

शेवटचा तुकडा संपला तेव्हा एका पोरीने विचारलं, "गुरुजी, कप्तान दिसाले कसा होता?"

गुरुजी त्या दिवशी भलतेच खुशीत होते. ते म्हणाले, "दिवाळीच्या आत तुम्हाला दाखवतो. सिनेमात."

हे अगदीच हवेतलं नव्हतं. जिल्ह्याच्या गावी शिक्षकांच्या शिबिरात त्यांनी ऐकलं होतं की याच कादंबरीवरून केलेला एक चित्रांचा सिनेमा, म्हणजे हाताने काढलेली चित्रं हलतात तसला, सरकारी कचेरीत डब्यात पडून आहे. ते रजा टाकून कचेरीत गेले. कारकुनाने वही काढली.

"रंगीत, चित्रांचा, सहकुटुंब पाहण्याजोगा, एक तास दहा मिनिटं," त्याने वाचलं. "आहे. पण कुठल्या योजनेत दाखवायचा?"

"योजना नाही. पोरांना दाखवायचाय."

"पोरांना दाखवायची योजना नाही. शेती आहे, आरोग्य आहे, अल्पबचत आहे. यात शेती आहे का?"

"समुद्र आहे."

"मग मासेमारी. पण ती आपल्या जिल्ह्यात नाही." कारकुनाने पान उलटलं. "इथं लिहिलंय, कप्तान अस्वल. म्हणजे वनखात्याकडे जा."

गुरुजी दचकले, ते वनखात्यामुळे नाही, अस्वलामुळे. कप्तान माणूस होता. गेले दोन महिने ते चौतीस पोरांना सांगत होते की कप्तान माणूस आहे, त्याला तुटका कान आहे आणि तो पिठलं-भाकर खातो. (पिठलं-भाकर पुस्तकात नव्हती, ती गुरुजींनी घातली होती.) आता सिनेमावाल्यांनी त्याचं परस्पर अस्वल करून टाकलं होतं. पण दिलेला शब्द दिलेला होता. तीन खेटे झाले, चार अर्ज झाले, आणि शेवटी कारकुनाने कंटाळून तारीख दिली. गुरुवारी एक जीप मालेगावच्या शिबिराला जाणार होती. तीत पडदा, मशीन, जनरेटर सगळं असतं. ती दुपारी बारा ते दोन बोरखेडीत थांबेल. संध्याकाळी तिला मालेगावात पोचायचं आहे.

"पण दुपारी सिनेमा दिसेल कसा?"

"ते आमच्याकडे येत नाही," कारकून म्हणाला.

आता दिवसाढवळ्या अंधार करणं हे काम सोपं वाटतं, पण ज्याने केलंय त्याला विचारा. गावात मोठी बंद जागा एकच, पंजाबराव पाटलांचं गोदाम. कापूस अजून यायचा होता, गोदाम रिकामं होतं. पंजाबरावांनी ते लगेच दिलं, एका अटीवर की आपली खुर्ची बरोबर मधोमध, सगळ्यांच्या पुढे असावी. गोदामाला अकरा खिडक्या. एकीलाही झडप नाही. आणि टिनाच्या भिंतींना भोकं किती हे मोजायला माणूस आत उभा केला, तर तो चाळिसाच्या पुढे चुकला.

शेजारच्या पुंजाजीने सल्ला दिला. पुंजाजी म्हणजे गावचा निवृत्त कोतवाल. नोकरी संपली तरी दवंडी तोच द्यायचा, आणि गावात ज्याला सल्ला नको असेल त्याला आधी द्यायचा.

"मास्तर, भोकाले शेन लावा. खिडक्याईले वाकळा टांगा. गावात वाकळा काय कमी हाय?"

वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी. प्रत्येक घरात दोनचार. गुरुजींच्या बायकोने, विजयमालाने, घरोघर जाऊन तेवीस वाकळा कबूल करून घेतल्या. गावाच्या दोन्ही टोकांच्या बायांनी दिल्या. एकदोघींनी आपली वाकळ कोणाच्या वाकळेशेजारी नको यावरून नाक मुरडलं, पण ते तेवढ्यावरच राहिलं.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते दवंडीने. गुरुजींनी मजकूर स्वतः लिहून दिला, स्वच्छ अक्षरात, काही सुटू नये म्हणून सगळं घालून. गुरुवारी दुपारी बारा वाजता सरकारी जीप येणार आहे. सर्वांनी पंजाबरावांच्या गोदामात जमावं. आत उकाडा असेल, तरी हलकं जेवून यावं. खिडक्या बंद असतील. एकदा दार लावल्यावर कुणीही मध्येच उठून जाऊ नये. लेकुरवाळ्यांना पुढे जागा ठेवली आहे. सिनेमा हा शब्द मजकुरात होता, पण अगदी शेवटी.

पुंजाजीने डफडं वाजवत पहिल्या चौकात हे सांगितलं. दुसऱ्या चौकात सांगितलं. तिसऱ्या चौकात सांगता सांगता त्याचा त्यालाच घाम फुटला. चौथ्या चौकात तो गेलाच नाही. तो घरी गेला आणि दोन्ही लेकांना म्हणाला, "गुरुवारी वावरातून घरी येऊ नका."

त्या वर्षी नसबंदीची मोहीम जोरात होती, हे आता सांगावं लागतं. तेव्हा सांगावं लागत नव्हतं. उलटा लाल त्रिकोण काढलेली जीप फाट्यावर दिसली की माणसं रस्ता सोडून वावरात शिरायची. कुठे बाजारातून माणसं उचलली, कुठे एस. टी.तून उतरवली, रोज नवी बातमी यायची. खऱ्या किती, खोट्या किती, कुणाला माहीत. आणि सिनेमाची ही जी जीप येणार होती, ती मालेगावच्या शिबिराचीच होती. म्हणजे तिच्यावर त्रिकोण होता. हे गुरुजींच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते अस्वलाच्या काळजीत होते.

बुधवारी सकाळपर्यंत गावाने सगळं जुळवून टाकलं. जीप, बंद खिडक्या, हलकं जेवण, लावलेलं दार आणि लेकुरवाळ्या पुढे. पारावर पुंजाजी हलक्या आवाजात म्हणाला, "शिनेमा दाखवतीन ना. आंधारात. तवरोक डाक्टर मागून येईन."

विजयमाला वाकळा आणायला गेली, तर दारं धडाधड लागली. तेविसातल्या सात मिळाल्या. ती घरी आली, आपल्या वाकळा काढायला तिने ट्रंक उघडली आणि तळाशी तिला एक कागद सापडला.

गुरुजी आले तेव्हा ती कागद मांडीवर घेऊन बसली होती.

"हे काय हाय?"

"कागद आहे," गुरुजी म्हणाले. ते घरीसुद्धा पुस्तकी बोलायचे.

"कागद हाय ते दिसते मले. वाचताबी येते."

कागदावर लिहिलं होतं की प्रत्येक शिक्षकाने दिवाळीपूर्वी नसबंदीसाठी दोन माणसं आणावीत, न आणल्यास मेळघाटात बदली करण्यात येईल. कागद दीड महिन्यापूर्वीचा होता. गुरुजींनी तो कुणाला दाखवला नव्हता. एकही माणूस आणला नव्हता, कुणाला विचारलंही नव्हतं, नुसतं रात्रंदिवस पोटात घेऊन हिंडत होते.

"म्हंजे लोकं बोलून राह्यले ते खरं हाय."

"कागद खरा आहे. लोक बोलतात ते खोटं आहे."

"मंग मले काहून नाई सांगितलं?"

"तुला काळजी लागली असती."

"आता नाई लागली काय?"

विजयमालाने कागदाची घडी घातली, जिथे होता तिथे ठेवला, दोन वाकळा काढल्या आणि म्हणाली, "ह्या माह्या दोन. बाकीच्यायचं मी नाई सांगत." तुमच्यावर माझा भरवसा आहे, असं ती म्हणाली नाही. गुरुजी वाट पाहत होते. ती भाकरी थापायला गेली.

माणसाने आयुष्यभर मिरच्या परत कराव्यात आणि शेवटी बायकोने असं बघावं, हे गुरुजींना फार लागलं. त्यांना वाटलं, उद्याचा सिनेमा रद्दच करावा. पण रद्द केला तर गाव म्हणणार, पकडले गेले म्हणून रद्द केला. आणि चौतीस पोरं म्हणणार, गुरुजी खोटं बोलले. कुठूनही मोजलं तरी खोटेपणा त्यांच्याच पदरात येत होता.

गुरुवारी पावणेबाराला जीप आली. चालवणारा आणि सिनेमा दाखवणारा एकच, दौलतसिंग नावाचा, मिशा मोठ्या आणि बोलणं थकलेलं. त्याने गावाकडे नजर टाकली. रस्त्यावर माणूस नाही. पंजाबराव सकाळच्याच गाडीने शिरपूरला गेले होते. तिथल्या जैन मंदिराशी त्यांचा आजवर काही संबंध नव्हता, पण त्या दिवशी ते तिथे संध्याकाळपर्यंत बसून होते म्हणतात. गोदामात त्यांची खुर्ची तेवढी मधोमध मांडलेली.

"माही गाडी आली का गाव रिकामं होतेच," दौलतसिंग म्हणाला. "मले सवय हाय. पन तुमच्या गावातले लोकं ताटावरून उठून गेलेले दिसतात. त्या घरात भाकर अर्धी खाल्लेली हाय."

"पोरं येतील," गुरुजी म्हणाले.

"नुसत्या पोरायनं नाई चालत, गुरुजी. शंभर तरी अंगठे पायजे कागदावर. नाईतं डिझेल कशात दाखवू?"

पोरं आली खरी. चौतीसच्या चौतीस, तेल लावून, भांग पाडून. आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या आया आल्या, पोरांना ओढून न्यायला. पोरं दाराची चौकट सोडेनात. एकच कालवा झाला. तेवढ्यात सोजरबाई आली आणि सगळे गप्प झाले.

सोजरबाई म्हणजे गावची सुईण. सत्तरी गाठलेली, हातात काठी. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे ती कुणालाही अरे-तुरे करायची आणि त्यात पंजाबरावही आले. गुरुजी परगावचे म्हणून त्यांना तेवढं अहो-जाहो.

"मास्तर," ती म्हणाली, "ह्या गाडीवर तिकोन हाय. खिडक्याईले वाकळा हाय. खरं काय ते सांगा."

गुरुजींनी पुस्तकी सुरुवात केली. "सोजरबाई, सदर चित्रपट हा एका प्रसिद्ध कादंबरीवर..." आणि ते थांबले. समोर ऐंशी बाया उभ्या होत्या, त्यांच्यात विजयमालाही होती, आणि कुणाचाच चेहरा ऐकण्याचा नव्हता. गुरुजींनी सदऱ्याच्या खिशातून तो कागद काढला. सकाळी ट्रंकेतून काढून त्यांनी तो खिशात का घातला होता हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी तो मोठ्याने वाचला, तारखेपासून सहीपर्यंत. मग ते म्हणाले, आणि या वेळी पुस्तकी नाही:

"मले दोन मानसं आनाले सांगितलं हाय. मी आनले नाई. आननारबी नाई. मेळघाटात धाडतीन तं जाईन. पन ह्या पोट्ट्यायले मी शिनेमा कबूल केला होता. त्याच्या पलीकडं माह्या मनात काही नाई."

सोजरबाईने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"गाडीची किल्ली आना इकडे," ती दौलतसिंगला म्हणाली.

"बाई, सरकारी गाडी हाय."

"म्हनूनच मांगून राह्यली."

दौलतसिंगने किल्ली दिली. ती तिने कमरेला खोचली. दार नुसतं लोटायचं, कडी लावायची नाही, तिथे ती स्वतः पाट टाकून बसणार. गुरुजींनी आणि त्यांच्या घरच्या दोन लेकरांनी सगळ्यात आधी आत जाऊन बसायचं. इतकं ठरलं आणि बाया आत आल्या. दौलतसिंगने मशीन सुरू केलं, गुरुजींनी वाकळा सोडल्या, बराचसा अंधार झाला, आणि लगेच चार बायांनी चार वाकळा वर केल्या. पडदा पांढरा झाला. गुरुजींनी वाकळा पुन्हा सोडल्या. त्या पुन्हा वर झाल्या. अंधारात बसायला कुणी तयार नाही आणि उजेडात सिनेमा दिसायला तयार नाही, असं पंधरा मिनिटं चाललं. दौलतसिंग घड्याळ बघत होता. गुरुजींना तर वाटलं, बदलीचा हुकूम आत्ता आला तरी चालेल.

मग विजयमाला उठली. तिने आपली वाकळ खिळ्यावरून काढली, खिडकीपाशी उभी राहिली आणि हात वर करून ती वाकळ स्वतः धरली. "मी धरतो माही," ती बायांना म्हणाली. "ज्याले भेव वाटीन त्यानं आपली आपली सोडा." हे बायांना पटलं. आणखी दहाजणी उठल्या, बाकीच्या दहा खिडक्यांपाशी उभ्या राहिल्या. कमी पडल्या तिथे घरून वाकळा आल्या. गावाच्या खालच्या टोकाची बाई वरच्या टोकाची वाकळ धरून उभी राहिली, आणि कोणाची कोणाशेजारी हे अंधारात कुणी विचारलं नाही.

पडद्यावर समुद्र आला. निळाशार, आणि गलबत, आणि गलबतावर टोपी घातलेलं एक अस्वल.

"गुरुजी," मागून आवाज आला, "कप्तान मानूस होता ना?"

सिनेमा विलायती भाषेत होता, सांगायचं काम त्यांच्याकडेच होतं. "होता," ते म्हणाले. "पण ही गोष्ट परदेशातून इथवर येईतो बदलली आहे. कान बघा." कान तुटका होता. चौतीस पोरांनी सुस्कारा टाकला. त्यानंतर पोरगी आली ती शेळीचं पिल्लू निघाली, खलाशी सगळे बगळे निघाले, आणि दर पाच मिनिटांनी सगळे मिळून गाणं म्हणू लागले, ज्याचा कादंबरीत मागमूस नव्हता. गुरुजी घाम पुसत पुसत जुळवून घेत राहिले. वादळ आलं तेव्हा मान वळवून बघणाऱ्या खिडकीतल्या बायांनी हाताने तोंड झाकलं, त्याबरोबर विजयमालाची सोडून दहाच्या दहा वाकळा सुटल्या आणि गोदामात ऊन भरलं. "धरा, धरा," पोरं ओरडली. वाकळा पुन्हा धरल्या गेल्या तेव्हा वादळ संपलेलं होतं.

टिनाच्या भोकांना लावलेलं शेण मधूनच गळून पडू लागलं. बाहेरून कुणीतरी काडीने टोकरत होतं. ज्वारीतले बाप्ये एकेक करून गोदामाच्या मागे आले होते आणि भोकांना डोळे लावून उभे होते. पुंजाजीचा खोकला गुरुजींनी ओळखला.

मग तो म्हातारा खलाशी, म्हणजे म्हातारा बगळा, लाटेत सापडला. अर्धा वर्ग आधीच रडायला लागला, कारण पुढचं त्यांना माहीत होतं. पण बगळा मेला नाही. पंख झाडत वर आला आणि गाणं म्हणू लागला. गोदामात असा गलका झाला की जनरेटर ऐकू येईना.

सोजरबाई दारातून म्हणाली, "मास्तर, तुमी त्याले उगाच मारलं होतं."

"मी नाही मारलं," गुरुजी दुखावून म्हणाले. "पुस्तक लिहिणाऱ्याने मारलं."

ते कुणी मानलं नाही. सिनेमा संपला तेव्हा दौलतसिंगने छापील कागद पसरला. गुरुजींनी वरची ओळ वाचून दाखवली: खालील लाभार्थींनी कार्यक्रमाचा लाभ घेतला. सोजरबाई म्हणाली, "आंगठा देतो मी," आणि शाईत अंगठा बुडवला. तिच्यामागे सगळ्यांनी दिले. नाव, वय, अंगठा. पोरांना सही येत होती, पण त्यांनीही हौसेने अंगठेच दिले. एकशे सतरा झाले. विजयमालाने शेवटचा दिला. तिचे हात तासभर वर राहून अवघडले होते, आणि खिडकीकडे तोंड असल्यामुळे तिने सिनेमाचं एकही चित्र पाहिलं नव्हतं. गुरुजींच्या ते आत्ता ध्यानात आलं.

"पुढच्या वेळी पाहीन," ती म्हणाली आणि वाकळ खांद्यावर टाकून घरी गेली.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण सहाव्या दिवशी पोस्टमन जाड लिफाफा घेऊन आला. दौलतसिंगने कागद जीपमध्ये ठेवला, जीप शिबिराची, तिच्यातले कागद शिबिराच्या फाइलीत गेले, आणि फाइलीतून साहेबांच्या टेबलावर. पत्रात रामकिसन पडघान यांचं हार्दिक अभिनंदन केलं होतं. दोन माणसांचं उद्दिष्ट असताना एकशे सतरा लोकांची अंगठ्यासह संमती मिळवणारे ते जिल्ह्यातले पहिलेच शिक्षक होते. सोमवारी या सर्वांना मालेगावच्या शिबिरात घेऊन यावं. गुरुजींचा तिथे हार घालून सत्कार होईल. आकडा वर कळवण्यात आलेला असल्याने हयगय झाल्यास कडक कारवाई होईल.

गुरुजी शाळेच्या पायरीवर बसले. पत्र फाडून टाकावं, चुलीत घालावं, आजच मेळघाटात निघून जावं, सगळं मनात येऊन गेलं. सिनेमाच्या नावाखाली एकशे सतरा अंगठे घेतले आणि आता हे पत्र. पुंजाजीने जे सांगितलं होतं ते सगळं अक्षरशः खरं दिसत होतं. या गावात यापुढे आपल्या तोंडाकडे कोण बघणार, या विचाराने ते रडायच्या बेताला आले. पण पहिला कागद लपवून काय झालं हे त्यांना माहीत होतं. ते उठले, पारावर गेले आणि दुपारच्या भरल्या पारावर त्यांनी पत्र वाचलं. अभिनंदनापासून कारवाईपर्यंत. वाचून झाल्यावर मान खाली घालून उभे राहिले.

पारावरून कुणी उठलं नाही. पुंजाजी कुंपणाकडे बघत होता, त्याच्या पलीकडे ज्वारी होती. पण तोही बसून राहिला.

शेवटी सोजरबाई म्हणाली, "आमचे आंगठे हाय ना? मंग आमीच जाऊ. बलावलं तं जाव लागते."

सोमवारी चौदा बैलगाड्या निघाल्या. आत एकशे सतरा, पुढच्या गाडीत सोजरबाई. बाप्ये मागून पायी आले, जरा अंतर ठेवून. सिनेमा त्यांनी भोकातून पाहिला होता आणि भोक प्रत्येकाचं वेगळं असल्याने कुणाला समुद्र दिसला होता तर कुणाला नुसतं गाणं ऐकू आलं होतं, आणि दौलतसिंगची जीप तिथेच असणार, म्हणजे सिनेमा धड बघायला मिळेल, असं त्यांना वाटलं होतं. शिबिराचा तंबू मैदानात होता. साहेब हार घेऊन उभे होते. गाड्या एकामागून एक येऊन थांबल्या आणि त्यांतून चौथीचा वर्ग उतरला, रांगेने, हजेरीपटाप्रमाणे. साहेबांचा हात हारासकट खाली आला.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"यादीप्रमाणे आहेत, साहेब," गुरुजी म्हणाले. "आपण वय पाहिलं नसेल."

साहेबांनी फाइल मागवली. पहिलं नाव सोजरबाई, वय सत्तर. दुसरं नाव, वय नऊ. तिसरं, नऊ. चौथं, दहा. साहेबांनी पान उलटलं, परत उलटलं, आणि हा आकडा आपण सही करून जिल्ह्याला कळवला आहे हे त्यांना आठवलेलं स्पष्ट दिसलं. तंबूतून एक तरुण डॉक्टर डोकावला आणि रांग बघून पुन्हा आत गेला.

सोजरबाई काठी टेकत टेबलापाशी गेली आणि अंगठा पुढे केला.

"साहेब, शिनेमा पुन्हा दाखवता का कापता?" तिने विचारलं. "जे काय असीन ते लवकर करा. घरी गुरं सोडाची हायत."

साहेबांनी फाइल बंद केली, तिच्यातला तो छापील कागद काढला, चार घड्या घालून खिशात टाकला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "दौलतसिंग, पडदा बांध." गुरुजींच्या दोन माणसांचा विषय त्यांनी काढला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. काढला असता तर एकशे सतरांचाही निघाला असता.

दिवस मावळेपर्यंत सगळे थांबले. गुरं सोजरबाईही विसरली. पडदा तंबूच्या अगदी शेजारी बांधला होता, तंबूवर हातभर मोठा लाल त्रिकोण. पोरं पुढे बसली, बाया मागे, विजयमाला मधोमध ऐसपैस मांडी घालून. बाप्ये मात्र मैदानाच्या कडेला उभेच. गुरुजींनी हाताने बोलावलं. कुणी हलेना. मग पुंजाजी निघाला. दबकत दबकत आला आणि गुरुजींच्या शेजारी उकिडवा बसला. दोन्ही चपला काढून त्याने हातात धरल्या होत्या, पळायची वेळ आली तर सोपं जावं म्हणून. त्याची नजर पडद्यावर नव्हती, तंबूच्या दारावर होती.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमी म्हनता म्हनून बसलो."

"चपला खाली ठेवा, पुंजाजी," गुरुजी म्हणाले.

पुंजाजीने एकदा तंबूकडे पाहिलं, एकदा गुरुजींकडे. मग त्याने चपला खाली ठेवल्या आणि नीट मांडी घालून बसला, आणि ते पाहून मागचे सगळे एकेक करून मैदानात आले.